पातेल्याचं झाकण

पळी

“आत्या, काय करतेयस?”

नळ मोठा सोडलेला होता. प्रश्न आत्याला ऐकू आला, पण त्याला उत्तर काय द्यायचं ते कळलं नाही. सिंकपाशी उभी राहून बाई भांडी घासते आहे, बाह्या कोपरापर्यंत वर आहेत, यात विचारण्यासारखं काय उरतं? तिने हातातली पळी उलटी केली, तिच्या पाठीवरून तारेची घासणी गोल गोल फिरवली, आणि फेसातून एक लालसर आणि एक काळसर ओघळ एकमेकांत न मिसळता खाली उतरले. आता फक्त मान राहिली होती, वाटी आणि दांडी जिथे खिळ्यांनी जोडतात तो सांधा.

“काय काय फासून ठेवता भांड्यांना,” ती म्हणाली. “फ्रीजवर होती ही, ग्लासात उभी. भिंतीकडे तोंड. वर चिंधी गुंडाळलेली. धूळ केवढी ती.”

दारातून काहीच आवाज आला नाही, म्हणून तिने मान वळवली. तिची भाची शाळेतून आली होती. घरात तिला ठमी म्हणत. दप्तर पाठीवर तसंच होतं. ती सिंकपाशी आली आणि तिने आत्याच्या हातातून पळी काढून घेतली. उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी. स्टील लख्ख झालं होतं. त्यात पोरीचा स्वतःचाच चेहरा दिसत होता, नाक मोठं, कपाळ बारीक.

“तिला चेहरा होता,” ठमी म्हणाली.

“कुणाला?”

“आईने काढला होता.”

आत्याने नळ बंद केला. शेगडीवर पळीची ती चिंधी उकळत होती. पाणी आधी पिवळं झालं होतं, आता गढूळ.

“खेळ संपला नव्हता,” ठमी म्हणाली, आणि ओली पळी छातीशी धरून आतल्या खोलीत गेली. फरशीवर थेंबांची रांग मागे राहिली.

आत्याने ती पुसून काढली. सवय.


आत्या

हिची बाहुली करायची म्हटली तर सामान घरातच मिळेल. बाटल्या घासायचा उंच ब्रश घ्या. तेच केस आणि तीच मान. अंगावर पांढरं फडकं, इस्त्री केलेलं. हातांच्या जागी दोन चिमटे लावा, कारण उचलायचं ते टोकाने आणि धरलं ते सोडायचं नाही. तोंड काढलं नाहीत तरी चालेल. ती फार बोलत नाही.

उभं आयुष्य तिने इस्पितळातल्या एका बिनखिडकीच्या खोलीत काढलं. शस्त्रक्रिया झाली की रक्ताळलेली हत्यारं तिच्याकडे येत. तिने ती उघडायची, घासायची, वाफेच्या यंत्रात घालायची, कोरडी करून ट्रेमध्ये लावायची. घाण सपाटीवर बसत नाही, सांध्यात बसते, हे ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगे. कात्रीच्या खिळ्याखाली. चिमट्याच्या दातांत. त्यासाठी तिच्या खिशात दात घासायचा जुना ब्रश असे, आजही होता.

आणि ट्रेमध्ये एखादं हत्यार कमी भरलं, तर ते सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. डॉक्टरने नाही, नर्सने नाही, तिने तर नाहीच. हरवलेला चिमटा माणसाच्या पोटातही असू शकतो. अशा किती संध्याकाळी तिने गुडघ्यांवर रांगत, कचऱ्याच्या पिशव्या उपसत घालवल्या होत्या. चिमटा सापडायचाच. न सापडणं तिला माहीतच नव्हतं.

लग्न झालं नाही. “झालं असतं तर हिने नवऱ्याला वाफेत घालूनच घरात घेतला असता,” मैत्रिणी म्हणत. तीही हसे.

नोकरी संपली, हात रिकामे झाले, आणि त्याच सुमाराला भावजय गेली. काही आठवड्यांनी भावाचा फोन आला. तो दुकानांना, खिडक्यांना काचा बसवायचा. सकाळी बाहेर पडला की अंधार पडायच्या बेताला घरी.

“ताई, मला दोघांचं होत नाही गं. ठमी शाळेत जाते, पण गुंड्या लहान आहे. तू आलीस तर बरं. नाहीतर त्याला त्याच्या मावशीकडे ठेवावं लागेल. ती तयार आहे.”

मावशीचं गाव लांब. एक भावंड इथे, एक तिथे. आत्याने त्याच दिवशी ट्रंक भरली.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघर उपसलं, वरपासून खालपर्यंत. फ्रीजवरही हात फिरला. पळीच्या पाठीवरचे दोन डोळे तिला दिसले होते. ओठही. हात थांबला नाही, इतकंच.


मंडळी

“सांगायचं राहिलं गं ताई.” भाऊ स्टुलावर बसून बोटांच्या चिकटपट्ट्या सोलत होता. “चूक माझी आहे. मला वाटलं, फ्रीजवर कोण कशाला हात लावतंय.”

“मी लावते.”

“हो. तू लावतेस.”

मग त्याने सांगितलं. त्याला सांगता येत नव्हतं. मधेच थांबायचा, मधेच पुढचं आधी सांगायचा. ते सगळं ओळीने लावलं तर असं होतं.

संध्याकाळी भात शिजेपर्यंत पोरं भुकेने रडकुंडीला यायची. एकमेकांना चिमटे काढायची, घर डोक्यावर घ्यायची. तेव्हा त्यांच्या आईने एक युक्ती काढली. पातेलं शेगडीवर चढलं की मांडणीतलं जे हाताला लागेल त्याला ती चेहरा काढायची आणि टेबलाच्या कडेआडून त्याला बोलायला लावायची. पोरंही काढायची. ठमीला डोळे चांगले जमायचे, गुंड्याला फक्त मिशा. भात होईपर्यंत खेळ. भात झाला की पात्रांनी तोंड धुवायचं आणि कामाला लागायचं, हा नियम. आत्ता जी राणी होती तीच दुसऱ्या मिनिटाला सूप वाढायची.

गाळणी भविष्य सांगायची. ऐकून सगळं घ्यायची, पण आत काही राहायचं नाही, त्यामुळे प्रत्येकाला तेच भविष्य. किसणी दरवान, बोलायला गोड, पण तिच्या गालाला गाल लावायला जाऊ नये. चमचे म्हणजे प्रजा. ते सगळे मिळून एकाच वेळी एकच वाक्य बोलत. आणि पळीबाई नायिका. तिला पदर, तिला काळे डोळे, तिला लाल ओठ, आणि मानेभोवती लाल मण्यांची माळ. रंगासाठी आईची लिपस्टिक. घरात एकच होती. ती आईच्या ओठांना कमी लागली आणि भांड्यांना जास्त.

“शेवटचा खेळ झाकणाचा,” भाऊ म्हणाला. “पातेल्याचं झाकण हरवतं आणि पळीबाई ते शोधायला निघते. तर हिने खरंच झाकण लपवलं. पोरांनी विचारलं कुठाय, तर म्हणे, शेवटी कळेल.”

“मग?”

भावाने चिकटपट्टीची गोळी केली आणि ती कुठे ठेवावी ते न कळून मुठीतच धरली.

“मग ती तिथे खाली बसली.”


मध्यंतर

पळीबाई किसणीच्या दारात उभी होती. किसणी म्हणाली, थांब, कोण आहे. त्यावर पळीबाईने उत्तर द्यायचं होतं. पळी हवेत तशीच राहिली. मग आईने दुसरा हात टेबलावर टेकला, सावकाश खाली बसली आणि म्हणाली, “मध्यंतर.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

भात लागल्याचा वास आला तेव्हा ठमीने टेबलाखाली वाकून पाहिलं. शेजारी आले, गाडी आली, आईला नेलं. त्या गडबडीत ठमीने पळीबाईला ग्लासात उभं केलं आणि फ्रीजवर ठेवलं. भिंतीकडे तोंड करून, कारण मध्यंतरात पात्रांनी प्रेक्षकांना दिसायचं नसतं.


अहो

ठमीने आरडाओरडा केला नाही. ती फक्त आत्याला ‘अहो’ म्हणू लागली.

“अहो, माझे मोजे कुठे ठेवलेत तुम्ही?”

“अहो, मला नको. भूक नाहीये.”

बस थांब्यावर अनोळखी बाईशी बोलावं तसं. पळी ती उशीखाली घेऊन झोपत असे. आत्या सूप वाटीने वाढायची. वाटीवरून ते सांडायचं. भात ठेवायचा तर मोठ्या पातेल्याला झाकण नव्हतं, त्याच्यावर ताटली ठेवावी लागे. ताटली पातेल्यापेक्षा जरा मोठी, तिरकी बसायची, वाफ आली की खडखडायची. गुंड्या ताटावर बसून जेवायचा, भात गालाला लावायचा आणि बहिणीकडे बघायचा. बहीण भाताचे ढीग करायची, ढीग मोडायची, उठायची.

एका संध्याकाळी आत्या गॅलरीत कपडे काढत होती. आतलं बोलणं तिला ऐकू आलं.

“त्यांना परत पाठवा, बाबा.”

“मग गुंड्याला मावशीकडे जावं लागेल.”

“मी सांभाळीन त्याला.”

“शाळेत असतेस तेव्हा?”

 मग ठमीचा आवाज, आधीपेक्षा खाली: “त्यांनी विचारलं पण नाही.”

आत्याने कपडे घडी करून आणले, ज्याच्या त्याच्या पलंगावर ठेवले आणि भावाला म्हणाली, “माझ्या हातचं पोर खात नाही रे. वाळत चाललीय. मी राहून कुणाचं भलं होतंय?”

 तिसऱ्या दिवशी भावाने मावशीला फोन केला. रविवारी ती गुंड्याला न्यायला येणार होती. आत्याने आपल्या ट्रंकेवरची धूळ पुसली, आणि ट्रंकेवर बसून विचार केला. तिचा विचार नेहमी एकाच दिशेने जायचा. काहीतरी हरवलं आहे. मग कुणी घरी जायचं नाही.


झाकण

तिने पलंग ओढले. माळ्यावर चढली, माळ्यावरच्या पेट्या उतरवल्या, पेट्यांतल्या पेट्या उघडल्या. कपड्यांच्या थप्प्या, गाद्यांच्या खोळी, धुण्याच्या यंत्राची मागची बाजू, पाण्याच्या टाकीवरचा कोनाडा. गुंड्या बॅटरी धरून मागे मागे. त्याला हा खेळ पसंत पडला होता.

“बाबांनी इथे बघितलंय,” तो प्रत्येक ठिकाणी सांगायचा. “ताईने पण.”

“मी परत बघते.”

“आईने फार भारी लपवलंय ना?”

“फार.”

ती शेजारणीकडे गेली. “झाकण?” शेजारणीने डोक्याला हात लावला. “अहो, तिने माझ्याकडे दिलं असतं तर मी एवढे दिवस ठेवलं असतं का? पण या, बघा हवं तर.” आत्या गेली, आणि तिचंही स्वयंपाकघर बघून आली. भांडी नीट घासली जात नव्हती. पण ती काही बोलली नाही.

बाकी पुष्कळ सापडलं. एक केसांची पिन. कानातल्याची मागची फिरकी. गॅसच्या मागे गेलेला चमचा, एका मिशीसकट. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पिशवीत, एक कंगवा. दातांत चार-दोन लांब केस अडकलेले. आत्याने तो उजेडात धरला. असा कंगवा तिने आजवर गरम पाण्यात बुडवल्याशिवाय खाली ठेवला नसता. तिने तो पिशवीत परत घातला, पिशवीचं तोंड दुमडलं आणि ती होती तिथेच ठेवली.

शनिवारी दुपारी ती घराच्या मधोमध उभी होती. बघायची जागा राहिली नव्हती. झाकण नव्हतं. तिने एकदा स्वतःभोवती फिरून पाहिलं. कुठल्याही ट्रेमध्ये असं झालं नव्हतं, की नाही तर नाही, आणि आता दिवे बंद करायचे.

“नाही सापडलं,” ती गुंड्याला म्हणाली.

“बरं,” गुंड्या म्हणाला.


बटाटा

त्याची पिशवी दाराशी भरून ठेवली होती. तो तिच्याभोवती घुटमळला.

“मावशीकडे भांडी आहेत का गं?”

“असतील की. सगळ्यांकडे असतात.”

“पण तोंडं आहेत का त्यांना?”

आत्या संध्याकाळच्या सूपासाठी बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“मला एक करून दे,” गुंड्या म्हणाला. “न्यायला.”

“मला नाही येत रे.”

“सोप्पंय. आधी डोळे. डोळे आले की ते स्वतःच सांगतं मी कोण.” त्याने टोपलीतून न सोललेला बटाटा निवडला, काट्यावर खोचला आणि तिच्या हातात दिला. “कर.”

ती बटाट्याकडे बघत राहिली. मग तिने दोन मिरे घेतले, सुरीच्या टोकाने दोन भोकं पाडली, आणि ते इतके नेमके बसवले, इतके सरळ, की बटाटा कुणाच्यातरी अंगावर ओरडतो आहे असं वाटू लागलं.

“हे डॉक्टर आहेत,” गुंड्याने लगेच ओळखलं.

“हो. हे आमचे मोठे डॉक्टर.”

“रागावलेत?”

“चिमटा हरवलाय त्यांचा.”

गुंड्या खदखदून हसला. मग त्याने तिच्यासमोर कांदा ठेवला, त्याला मुळांची दाढी होतीच. लाटण्याला दोन चमच्यांचे हात बांधले, ते सारखे निसटत. आत्याने दोऱ्याची गाठ मारली, ती मात्र सुटली नाही. शेवटी तो गरम भांडी उतरवायचा चिमटा घेऊन आला. “हा काय होईल?”

आत्याने चिमटा हातात घेतला. उघडला, मिटला. हे तिला येत होतं. बोटांना सांध्याचा ताण कळला, किती उघडायचा, कुठे थांबवायचा. चिमट्याने मान वाकडी करून गुंड्याकडे पाहिलं, जबडा हळूच उघडला आणि त्याच्या शर्टाचं बटण पकडलं.

“मी,” चिमटा म्हणाला, “हरवलोय म्हणून सांगतायत सगळे. मी तर इथेच होतो.”

आपल्या तोंडून हा आवाज आला यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. खर्जातला, थोडा घोगरा. गुंड्या हसायचा थांबला आणि टक लावून चिमट्याकडे बघू लागला, खरं काहीतरी घडत असल्यासारखा.

भाताची वेळ झाली होती. आत्याने पातेलं चढवलं, वर ताटली ठेवली.

“आता पळीबाईचा खेळ करू,” गुंड्या म्हणाला. “पुढचा.”

“पळी ताईकडे आहे.”

“मग पळी बाजारात गेलीय असं करू. किसणी म्हणते, थांब, कोण आहे. आणि चिमटा म्हणतो...”

“चिमटा नव्हता तिथे.”

ठमी दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. एका हातात पळी. दुसरी मूठ मिटलेली.

“तिथे पळीबाई होती. तिने उत्तर द्यायचं होतं.” तिने टेबलाशी स्टूल ओढलं. मूठ उघडली. लिपस्टिकची नळी होती, तळाशी बोटाच्या नखाएवढा लाल रंग. “आणि ही ती नाही. ही दुसरी. मी काढतेय म्हणून.”

 तिने काजळाच्या पेन्सिलने काळे डोळे काढले. दोनदा पुसले, दोनदा काढले. ओठांसाठी नळीत काडी घालून रंग खरवडावा लागला. माळ काढायला उरला नाही. चिंधी आत्याने आणून दिली, उकळून पांढरी पडलेली, घडी केलेली. ठमीने ती घेतली आणि मानेला बांधली.


भात होईपर्यंत

(टेबलाच्या कडेआड ठमी आणि गुंड्या. आत्या शेगडीपाशी. पातेलं शेगडीवरच आहे, त्यामुळे त्याचं काम गुंड्या लांबून करतो.)

किसणी : थांब. कोण आहे?

पळी : मी पळी. पातेल्याचं झाकण शोधतेय.

किसणी : आत नाहीये.

पळी : मला बघू दे.

किसणी : बघ. पण नाहीचे. आत्याने सगळं बघितलंय.

पळी : माळ्यावर?

आत्या : बघितलं.

पळी : पेट्यांमधल्या पेट्यांमध्ये?

आत्या : बघितलं.

पळी : शेजारच्या काकूंकडे?

किसणी : तिकडेपण. मी बॅटरी धरली होती.

(पळी थोडी खाली येते. ठमीचा हात दुखत असावा. मग ती वळते आणि टेबलाच्या कडेकडेने, कुणालाही न भेटता, शेगडीच्या बाजूला येते.)

पळी : पातेल्या, झाकण सापडलं नाही.

पातेलं : मला माहितीये.

पळी : कुठे ठेवलंय ते फक्त तिलाच माहीत होतं.

पातेलं : हो.

(ताटली खडखडते.)

पळी : तुझ्यावर हे कोण बसलंय?

गुंड्या : आत्या, बोल. ताटली तू आहेस.

आत्या : मी कशी...

गुंड्या : बोल ना.

ताटली : मी ताटली.

पळी : तुम्ही झाकण आहात का?

ताटली : नाही.

पळी : मग इथे का बसलात?

ताटली : भात उघडा राहिला असता.

पळी : तुम्ही नीट बसत नाही.

ताटली : नाही बसत. एका बाजूने वाफ जाते. आवाजही होतो.

पळी : तुम्ही न विचारता बसलात.

ताटली : हो. विचारायला हवं होतं. आता विचारते. बसू का?

(पळी एकदा पातेल्याकडे वळते, एकदा ताटलीकडे.)

पळी : आणि झाकण सापडलं तर?

ताटली : तर मी उठेन.

(भाऊ कामावरून आला आहे. तो बुटांसकट दारात उभा आहे. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही.)

पातेलं : मला गार वाटतंय. बसू दे तिला.

पळी : बसा.

(चमचे काही बोलत नाहीत. त्यांना धरायला हात उरलेले नाहीत.)

ठमी : संपला.


पळी

भात झाला होता. आत्याने शेगडी बंद केली.

“तोंडं धुवायची,” गुंड्याने आठवण केली, आणि कांदा बुचकळून काढला. बटाट्याला मात्र हात लावू दिला नाही. डॉक्टर त्याच्या खिशात गेले.

ठमी पळी घेऊन सिंकपाशी गेली. आत्या बाजूला झाली. पोरीने नळ सोडला, अंगठा पळीच्या पाठीवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. पाणी डोळ्यांवरून वाहत होतं, पण पेन्सिल पाण्याने जात नाही. तिने अंगठा फिरवला. ओठ पसरून गालापर्यंत गेले. तिचा हात थांबला.

गॅलरीतून भावाचा आवाज येत होता, फोनवर, हळू. “नको येऊस उद्या... नाही, काही झालं नाही गं. तो इथेच राहील.”

“आत्या,” ठमी म्हणाली. मान वर केली नाही. “तू धू. मला नीट जमत नाहीये.”

आत्याने पळी घेतली. तारेची घासणी हाताशी होती. तिने ती उचलली नाही. बोटांना साबण लावला आणि नुसत्या बोटांनी पळीची पाठ चोळली, लहान मुलाचं तोंड धुवावं तशी, आधी कपाळ, मग डोळे, मग तोंड. ठमी शेजारी उभी राहून बघत होती. रंग निघाला, पाण्याबरोबर गेला. पळी पुन्हा नुसती पळी झाली.

पुसताना तिने ती सवयीने उजेडात धरली. वाटी आणि दांडी जोडणाऱ्या खिळ्याखाली, मानेच्या खाचेत, काहीतरी होतं. केसाएवढी रेघ. लाल. जुनी, काळपटलेली. माळ आज कुणी काढली नव्हती.

तिचा हात आपसूक खिशाकडे गेला. बोटांना ब्रशाची दांडी लागली.

“काय झालं?” ठमीने विचारलं.

“काही नाही. स्वच्छ आहे.”

तिने पळी कोरडी केली, सांध्याला फडकं लागू न देता, आणि ठमीच्या हातात दिली.

“वाढ,” ती म्हणाली.

ठमीने पळी सूपात बुडवली. ताटली भिंतीला टेकून उभी होती. तिच्या कडेवरून वाफेचं पाणी थेंब थेंब ओट्यावर पडत होतं. आत्याने ते पाहिलं, आणि जेवण होईपर्यंत पुसलं नाही.